एका घराण्यातले दोन भुंगेरे

दिवाळीच्या फराळात बटाट्याच्या किसाचा चिवडा वाढला जातो तेव्हा आपण एक परदेशी पदार्थ खात आहोत हे कोणाच्या मनातही येत नाही. बटाटा पोर्तुगिजांचे बोट धरून आपल्याकडे आला आणि इतका घरचा झाला, की गहू-तांदूळ हजारो वर्षे इथे नांदूनही एकादशीला बाहेर बसतात, आणि दक्षिण अमेरिकेच्या पहाडांत जन्मलेला हा पाहुणा मात्र उपासाच्या ताटात खुशाल मांडी घालून बसतो! दुसरा एक परदेशी आपल्या फाटकाबाहेर उभा असतो. त्याला कोणी बोलाविलेले नव्हते. गाजराच्या पाल्यासारखी त्याची पाने, आणि वर साबुदाणा सांडावा तशी बारीक पांढरी फुले. कोणी त्याला गाजर गवत म्हणतात, कोणी काँग्रेस गवत, कोणी चटकचांदणी.

या दोन वनस्पतींच्या मागे दोन भुंगेरे लागलेले आहेत, आणि ते दोघे एकाच घराण्यातले आहेत. हे मला समजले तेव्हापासून मी त्यांचा इतिहास जमवीत आलो आहे. मी कीटकशास्त्रज्ञ नव्हे. शाळेत इतिहास शिकविणे हा माझा व्यवसाय होता. परंतु राजांना असते तशी किड्यांनाही सनावळी असते, त्यांच्याही स्वाऱ्या असतात, त्यांच्यामुळेही कायदे होतात आणि दोन देशांच्या सरकारांत कलागती लागतात, ही गोष्ट मला क्रमिक पुस्तकांनी नव्हे, या दोघांनी शिकविली.

घराणे पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांचे. पुढच्या पंखांची टणक ढाल झालेली आणि खालचे पातळ पंख तिच्याखाली घडी घालून ठेवलेले, असा जो किडा असतो तो भुंगेरा. या दोघांचेही मूळ गाव मेक्सिको. बटाट्यावरचा तो थोरला. लांबीला सुमारे एक सेंटिमीटर. त्याच्या पिवळ्या पाठीवर दहा काळ्या रेघा असतात, आणि म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला लेप्टिनोटार्सा डेसेमलिनेआटा, म्हणजे ‘दहा रेघांचा’ असे नाव दिले. जग त्याला कोलोरॅडो भुंगेरा म्हणते. गाजर गवतावरचा धाकटा. तो सहा मिलिमीटरांच्या आसपास; मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी वळणदार रेघा काढलेल्या. त्याचे शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा. आपल्याकडचे शेतकरी त्याला सरळ मेक्सिकन भुंगा म्हणतात. थोरला-धाकटा हे मी केवळ आकारावरून म्हणतो आहे, वडीलकीचा मान म्हणून नव्हे.

दोघांची राहणी पुष्कळशी सारखी आहे. दोघांच्याही माद्या पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालतात. दोघांच्याही अळ्या आईबापांच्याच पानावर जेवतात. म्हणजे फुलपाखराच्या घरी असते तसे मुले पाला खातात आणि वडील मध पितात असे इथे नाही, सगळे कुटुंब एकाच पंक्तीला. अळ्या पोसल्या की जमिनीत उतरतात, मातीतच कोष करतात, आणि भुंगेरे होऊन वर येतात. दोघेही वर्षातले काही महिने मातीत झोपून काढतात.

फरक सुरू होतो तो इथून. थोरला झोपतो थंडीसाठी. बर्फाच्या देशात पाला नसतो तेवढे महिने तो जमिनीखाली पडून राहतो आणि वसंतात बटाट्याचे कोंब वर येऊ लागले की भुकेला होऊन बाहेर निघतो. धाकटा झोपतो कोरड्या दिवसांसाठी. पावसाळा सरून जमीन सुकली की तो मातीत शिरतो तो पुढच्या जूनपर्यंत. मृगाच्या सरी पडून माती भिजली की बाहेर. थोरल्याचे घर म्हणजे नांगरलेले, खत घातलेले शेत. धाकट्याचे घर म्हणजे रस्त्याची कड, रेल्वेचा बांध, बांधकामासाठी घेऊन पडीक ठेवलेला प्लॉट. थोरला वांगी-बटाट्याच्या कुळातला पाला खातो, धाकटा शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातला. आणि त्या कुळांतही सगळ्या घरी जेवत नाही, मोजक्याच घरी जेवतो. हे ‘मोजक्याच घरी’ नीट लक्षात ठेवले पाहिजे, कारण पुढची सारी कथा त्याच्यावर उभी आहे.

थोरल्याची कथा मोठी आहे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील माळरानांची पाहणी करण्यासाठी मेजर लाँग यांच्या हाताखाली १८१९-२० साली एक तुकडी गेली होती. तीत टॉमस से नावाचा एक प्राणिशास्त्रज्ञ होता. त्याने जे किडे गोळा केले त्यांत हा दहा रेघांचा होता, आणि १८२४ साली त्याने त्याचे वर्णन छापले. तेव्हा हा किडा अगदी निरुपद्रवी होता. आपल्याकडच्या काटेरिंगणीची एक पिवळ्या फुलांची अमेरिकन बहीण आहे, तिला तिकडे बफेलो बर म्हणतात. अंगभर काटे, फळालाही काटे. गुराढोरांच्या केसांना ही फळे चिकटून मेक्सिकोतून उत्तरेकडे पसरली असावीत असा तर्क आहे. तिच्या मागोमाग तिचा किडा आला. माळावर काटेरी झुडूप, झुडपावर किडा. कोणाच्या अध्यात ना मध्यात. पस्तीस वर्षे त्याच्याकडे पुन्हा वळून पाहण्याचे कोणाला कारण पडले नाही.

दरम्यान बटाटा एका फार लांबच्या वाटेने त्याच्याकडे निघालेला होता. मेक्सिको आणि बटाट्याची जन्मभूमी यांमध्ये अंतर आहे, पण ते पृथ्वीच्या एकाच बाजूचे. ते अंतर बटाट्याने सरळ ओलांडले नाही. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो पेरूच्या डोंगरांतून युरोपात नेला. तिथून तो आयर्लंडात रुजला. आणि १७१९ च्या सुमारास आयर्लंडातून आलेल्या वसाहतवाल्यांनी तो न्यू हॅम्पशायरात लाविला. म्हणजे अमेरिकेतला बटाटा अमेरिकेत पोहोचण्यासाठी दोनदा अटलांटिक ओलांडून आला. मग जसजसे गोरे वसाहतवाले पश्चिमेकडे सरकले तसतशी त्यांची बटाट्याची शेतेही सरकली, आणि एके दिवशी ती बफेलो बरच्या माळाला जाऊन भिडली.

तो दिवस कोणता ते कोणी लिहून ठेविलेले नाही. पण परिणाम लिहिलेला आहे. १८५९ साली नेब्रास्कातील ओमाहा शहराच्या पश्चिमेस सुमारे शंभर मैलांवर बटाट्याची शेते या किड्याने फस्त केली. काटेरिंगणी आणि बटाटा एकाच कुळातल्या. एवढे दिवस रानात काटे चुकवीत पाला खाणाऱ्याला एकदम बिनकाट्याचा, रसाळ, ओळीने मांडलेला पाला मिळाला. आणि तोही मैलोगणती. शेतकऱ्याने पंगत मांडली आणि हा जेवायला बसला. तिथून पूर्वेकडे त्याची जी दौड सुरू झाली ती १८७४ साली अटलांटिकच्या किनाऱ्यावर जाऊन थांबली. पंधरा वर्षांत सुमारे दोन हजार किलोमीटर!

नावाची गंमत अशी, की कोलोरॅडो ही काही त्याची जन्मभूमी नव्हे. १८६५ मध्ये बेंजामिन वॉल्श या कीटकशास्त्रज्ञाने त्या प्रदेशाशी त्याचा संबंध जोडला आणि ते नाव चिकटले. ज्या गावाने पहिल्यांदा तक्रार केली त्याचे नाव न लागता भलत्याच गावाचे लागावे, हे इतिहासात नवे नाही.

शेतकऱ्यांनी आधी हाताने किडे वेचले, मग भिंती आणि खिडक्या रंगविण्याचा एक हिरवा रंग, पॅरिस ग्रीन, पाल्यावर फवारावयास आरंभ केला. या रंगात तांबे आणि सोमल असतो. खाण्याच्या पिकावर मोठ्या प्रमाणात विष घालण्याची चाल जगात पडली ती मुख्यतः या भुंगेऱ्यापायी. पुढे सोमल, मग डी.डी.टी., मग एकाहून एक जालीम औषधे. प्रत्येक औषधातून काही किडे वाचत, त्यांची पिल्ले त्या औषधाला दाद देईनाशी होत. लाँग आयलंडच्या बटाट्यावर डी.डी.टी. निकामी ठरली ती १९५२ साली, आणि आजवर पन्नासाहून अधिक औषधे या प्राण्याने पचविली आहेत. रानात असताना काटेरिंगणीच्या विषारी पाल्यावर ज्याच्या पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या, त्याला विषाचे काय कौतुक? ही माझी उपमा नव्हे; कडू पाला पचविण्याची जी तयारी त्याच्या शरीरात आधीपासून होती तीच त्याला औषधांविरुद्ध उपयोगी पडली असावी, असे अभ्यासकही म्हणतात.

१८७७ मध्ये तो जर्मनीत सापडला. सरकारने शेते जाळून त्याचा नायनाट केला. त्याच वर्षी इंग्लंडात पार्लमेंटने विध्वंसक कीटकांचा कायदा केला. पोलीस ठाण्यांतून किड्याची चित्रे लागण्याचे दिवस तिथून सुरू झाले. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत मात्र तो फ्रान्सात उतरलाच, आणि १९२२ मध्ये बोर्दोजवळ त्याने ठाण मांडल्याचे उघड झाले. तिथून तो पूर्वेकडे सरकत दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच जर्मनीत शिरला. युद्धात शत्रूच्या बटाट्यावर हे किडे टाकता येतील का, याचा विचार एकाहून अधिक सरकारांनी केला. जर्मनांनी तर १९४३ मध्ये आपल्याच भूमीवर विमानातून किडे सोडून पाहिले. आणि १९५० साली पूर्व जर्मनीच्या सरकारने जाहीर केले की अमेरिकन विमाने आमच्या शेतांवर भुंगेरे टाकीत आहेत. भिंतींवर चित्रे लागली. त्यांत भुंगेऱ्याला अमेरिकन नाव देऊन शत्रूच्या शिपायासारखे रंगविले होते. शाळा सोडून मुले रांगेने शेतातून किडे वेचू लागली. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला विचाराल तर त्या विमानांची काही गरज नव्हती. हा किडा पंधरा वर्षे आधीपासून त्याच दिशेने स्वतःच्या पंखांनी चालून येत होता, आणि युद्धाच्या काळात वेचायला माणसे नव्हती, औषध नव्हते. पण उपाशी देशाला किड्यापेक्षा शत्रूवर रागावणे सोपे जाते.

असो. थोरल्याच्या पराक्रमाबद्दल इतके पुरे. धाकट्याकडे वळण्यापूर्वी आपल्याला पुण्यात यावे लागेल.

१९५५ साली पुण्यात एक अनोळखी गवत दिसू लागले. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची नोंद केली: पार्थेनियम हिस्टेरोफोरस, मूळ उष्ण अमेरिकेचे. पुढच्या काही वर्षांत ते इतके फोफावले की पुणेकरांनी आपल्या रिवाजाप्रमाणे त्याला नाव ठेविले. काँग्रेस गवत हे नाव का पडले याच्या दोन व्युत्पत्ती मी लहानपणापासून ऐकत आलो. एक, फुले गांधी टोपीसारखी पांढरी म्हणून. दुसरी, काँग्रेसच्या राज्यात अमेरिकन गव्हाबरोबर आले म्हणून. पहिलीबद्दल माझे म्हणणे नाही. दुसरीत तारखांची अडचण आहे. पी. एल. ४८० हा अमेरिकन कायदा १९५४ चा खरा, पण त्याखाली भारताशी पहिला करार झाला तो १९५६ च्या ऑगस्टात, आणि गवत तर आदल्याच वर्षी उगवलेले होते. गव्हाबरोबर बी आले नसेल असे नाही; १९५१ च्या टंचाईतही अमेरिकेचा गहू कर्जाऊ आला होता. पण त्याहून जुना पुरावा म्हणजे कलकत्त्याच्या बागेतील वनस्पतींची रॉक्सबर्ग यांची यादी. ती १८१४ साली छापलेली आहे, आणि तीत या वनस्पतीचे नाव आहे. म्हणजे हे पाहुणे एकदा कोणीतरी बागेत आदराने लावलेले होते! तेव्हाच्या रोपाचा आणि पुण्याच्या गवताचा संबंध असेलच असे नाही, परंतु सगळा दोष एका गव्हाच्या बोटीवर टाकण्यापूर्वी ही यादी उघडून पाहिली पाहिजे.

एका झाडाला हजारोंनी बी धरते, आणि पाणी मिळाले तर ते वर्षाच्या कोणत्याही महिन्यात उगवते. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. भुकेपोटी लाविलेच तर दुधाला कडू चव येते. १९७० नंतरच्या दशकात पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवून दिले की या गवताच्या स्पर्शाने आणि हवेत उडणाऱ्या त्याच्या कणांनी माणसाची कातडी सुजते, खाजते, जाड व काळी पडते. माझा एक आतेभाऊ बार्शीकडे शेती करतो. आम्ही सारे त्याला दादा म्हणतो. ऐन उमेदीत त्याचे तोंड आणि मान हत्तीच्या कातडीसारखी झाली. डॉक्टरांनी गवतापासून दूर राहा म्हणून सांगितले. शेतकऱ्याने गवतापासून दूर राहायचे म्हणजे शेतापासूनच दूर राहायचे. तीन वर्षे तो पुण्यात आमच्याकडे राहिला, एका दुकानात हिशेब लिहीत. पण पुण्यात तरी ते गवत कुठे नव्हते?

उपटून गवत संपत नाही, औषध मारून माळरान झाकत नाही. मग ते खाणारा कोणीतरी त्याच्याच देशातून आणावा, हा विचार आला. या विचाराला आपल्याकडे एक जुना दाखला होता. दख्खनच्या जुन्या माणसांना फड्या निवडुंगाची बेटे आठवत असतील. गावेच्या गावे त्याने वेढली होती. १९२६ मध्ये सिलोनातून निवडुंगाचा रस शोषणारा एक पिठ्यासारखा किडा आणून दक्षिण हिंदुस्थानात सोडला, आणि पाच-सहा वर्षांत निवडुंगाचे रान बसले. तो भुंगेरा नव्हता, पण त्याने हा मार्ग चालतो हे दाखविले.

गाजर गवतासाठी बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मेक्सिकोतून आपला धाकटा आणविला. या भुंगेऱ्याला शास्त्रीय नाव मिळाले तेच मुळी १९५३ साली, पुण्यात गवत दिसण्याच्या दोनच वर्षे आधी. आणला आणि सोडला असे मात्र झाले नाही. त्याला बंद खोलीत ठेवून निरनिराळी चाळीस झाडे त्याच्यापुढे मांडली: पिके, भाज्या, फुलझाडे. तो यांतले काय खातो, उपाशी ठेवले तर काय खातो, कशावर अंडी घालतो, कशावर त्याची अळी मोठी होते. गाजर गवताखेरीज कशावरही त्याचा वंश नीट चालत नाही असे ठरल्यावर १९८४ साली बंगळुरूजवळ त्याला मोकळे सोडले. दोन-तीन वर्षे काही घडले नाही. मग एका पावसाळ्यात रस्त्याकडेच्या गवताची नुसती काड्यांची खराट्यासारखी झुडपे उरलेली लोकांनी पाहिली.

इथे माझ्या हकिकतीत दादा पुन्हा येतो. औषधोपचाराने बरा होऊन तो गावी परतला होता, आणि कृषी महाविद्यालयातून भोके पाडलेल्या खोक्यात काही शे भुंगेरे घेऊन ते बांधावर सोडीत होता. योगायोगाने मी तेव्हा त्याच्याकडे गेलो होतो. शेजारचे अण्णा, वयाने सत्तरीचे, त्यांचे सूर्यफूल बांधापलीकडे उभे. ते बराच वेळ कंबरेवर हात ठेवून पाहात राहिले आणि म्हणाले, “काय रे, हे गवत संपल्यावर तुझे हे किडे खाणार काय?”

“दुसरे काही खात नाहीत, अण्णा. तपासून पाहिलेले आहेत.”

“पोट असलेल्या प्राण्याची खात्री तू देतोस?”

दादा हसला. मला हसू आले नाही. अण्णांनी नेब्रास्काचे नाव ऐकले नव्हते. पण १८५९ साली तिथे जे घडले तेच ते विचारीत होते. काटेरिंगणी खाणारा थोरला भाऊ एकाच कुळातला म्हणून बटाट्यावर गेला. मग गाजर गवत खाणारा धाकटा भाऊ एकाच कुळातल्या सूर्यफुलावर का जाणार नाही? आणि एकदा सोडलेला किडा कोणत्या सरकारी हुकुमाने परत बोलाविता येतो?

अण्णांची शंका पोकळ नव्हती, याचा पुरावा त्याआधीच मिळालेला होता. १९९१ च्या सुमारास कर्नाटकात हे भुंगेरे सूर्यफुलाची पाने कुरतडताना दिसले. तेलबियांचे महत्त्वाचे पीक, शेतकरी घाबरला, आणि घाबरणे योग्यच होते. केंद्र सरकारने सत्यशोधनासाठी समिती नेमली. भुंगेरे मुद्दाम सोडण्याचे काम थांबविले. शास्त्रज्ञांत दोन पक्ष पडले. एकाचे म्हणणे, हा किडा आता नवीन अन्नाला लागला. दुसऱ्याचे म्हणणे, हा बावचळला आहे.

मला या वादाचा जो भाग विलक्षण वाटतो तो असा. जिथे सूर्यफूल कुरतडलेले दिसले तिथे शेजारीच गाजर गवताचे दाट रान होते, आणि ते भुंगेऱ्यांनी खाऊन ओरबाडून टाकलेले होते. त्या गवताचे परागकण वाऱ्याने उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसलेले होते. भुंगेरा पान ओळखतो ते चवीने आणि वासाने. सूर्यफुलाच्या पानावर त्याला गाजर गवताची चव लागली. एखाद्याने शेजाऱ्याच्या भिंतीला आपल्या घराचा रंग दिसला म्हणून दार उघडावे, तसा तो तिथे शिरला. तोंड लाविले, काही पाने खाल्ली. पण तिथे त्याचा संसार बसला नाही. पिकाचे नुकसानही मोठे निघाले नाही. समितीने त्याला निर्दोष ठरविले आणि काही वर्षांनी ती बंदी उठली.

थोरल्याच्या बाबतीत पहिल्याच हंगामात नेमके उलट घडले होते. त्याच्या केवळ प्रौढांनी बटाटा चाखला नाही. अळ्या त्यावर गुबगुबीत झाल्या, कोष झाले, पुढची पिढी बटाट्यावरच जन्मली. आणि एक गोष्ट अभ्यासकांना फार उशिरा कळली. मेक्सिकोत, मूळ गावी, या दहा रेघांच्या भुंगेऱ्याचे जे सगेसोयरे अजून नांदत आहेत, त्यांना बटाटा मानवत नाही! त्यांना बटाट्यावर ठेविले तर ते खुरटतात. ते अजूनही रानातल्या काटेरी झुडपांवरच पोसतात. बटाटा खाणारी शाखा निराळी पडली ती उत्तरेच्या माळांवर. तेव्हा ‘या जातीचा किडा हे खातो’ असे म्हणताना कोणत्या गावचा, कोणत्या काळचा, हेही विचारले पाहिजे. इतिहासाला तारीख आणि ठिकाण लागते ते याच कारणासाठी.

म्हणून मी दादाच्या बाजूचा असूनही अण्णांचा प्रश्न खोडून काढीत नाही. चाळीस झाडे तपासणे म्हणजे आजच्या किड्याची साक्ष काढणे. शंभर वर्षांनंतरच्या किड्याची साक्ष काढता येत नाही. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात दादाची मान होती, कडू दूध होते, आणि गुरांना चरायला न उरलेली कुरणे होती. शास्त्रज्ञांनी जोखीम घेतली ती डोळे उघडे ठेवून घेतली, आणि शंका येताच थांबून पाहिले, हे मला त्यांच्या यशापेक्षा मोठे वाटते.

यशाबद्दल फार बढाई मारण्याजोगे नाही. गाजर गवत संपलेले नाही; तुम्ही हा अंक हातात घेऊन कोपऱ्यापर्यंत गेलात तरी भेटेल. कारण वेळापत्रकात आहे. वळवाच्या एखाद्या सरीवर गवत एप्रिल-मेमध्येच उगवते, आणि भुंगेरा नीट पाऊस पडल्याखेरीज झोपेतून उठत नाही. तो उठून अंडी घालून अळ्या वाढवीपर्यंत गवताने फुले काढून बी झाडलेले असते. जुलै-ऑगस्टात मात्र पाहावे. नदीकाठच्या एका पडीक प्लॉटवर मी गेल्या काही पावसाळ्यांत पाहात आलो आहे: एका पानावर पाच-सहा पिवळट अळ्या, शेजारी आईबाप, आणि आठवड्याभरात त्या झुडपाचा सांगाडा.

धाकटाही आता थोरल्यासारखा फिरू लागला आहे. बंगळुरूत सोडलेला हा किडा २००३ साली लाहोरात सापडला, आणि २००९ मध्ये नेपाळात. त्याला तिथे कोणी नेले नव्हते. थोरला १९९३ मध्ये चीनच्या शिनजियांगमध्ये पोहोचला. भारतात तो शिरलेला नाही. परदेशातून बटाटा आणण्याचे निर्बंध इतके कडक असतात त्याचे एक कारण तो.

धाकट्याची एक अलीकडची स्वारी मात्र निमंत्रणावरून झाली. इथिओपियातही गाजर गवत माजले आहे; तिथेही लोक ते मदतीच्या धान्याबरोबर आले असे म्हणतात, आणि एका भागात त्याला जे नाव पडले त्याचा अर्थ ‘जमिनीवर पाणी सोडा’ असा काहीसा होतो. तिथल्या शास्त्रज्ञांनी हा भुंगेरा मागविला, पण त्यांच्यासमोर सूर्यफुलाहून अधिक जिव्हाळ्याचे एक पीक होते, आणि तेही त्याच कुळातले. अण्णांचा प्रश्न त्यांनी आधीच विचारला, त्या पिकाची रोपे भुंगेऱ्यापुढे मांडून पाहिली, आणि खात्री पटल्यावर २०१६ साली त्याला सोडले. ते पीक म्हणजे कारळे, ज्याची काळी खमंग चटणी आपण भाकरीबरोबर खातो. कारळ्याचे माहेर इथिओपियाच, आणि तिथले लोक आजही त्याच्याच तेलात स्वयंपाक करतात.